दोन गुणांचा प्रश्न

प्रश्न चौथा, आ. उपमा स्पष्ट करा. गुण दोन.
‘तो घरी आला
वारा केळीच्या बागेत यावा तसा.’

सहामाहीचे बेचाळीस पेपर,
सावद्याच्या शाळेतली शिक्षकखोली.
बाहेर घडांनी भरलेला ट्रक मागे येतोय
आणि क्लीनर पत्र्यावर थापा मारतोय,
येऊ दे, येऊ दे.

आदर्श उत्तर मीच लिहिलेलं, सोळा वर्षांपूर्वी.
उपमेय तो, उपमान वारा,
साम्यवाचक शब्द तसा,
साधर्म्य: गारवा, सळसळ, घरभर पसरलेला आनंद.
एकेचाळीस जणांनी ते जसंच्या तसं उतरवलंय.
एकानं सळसळीची मळमळ केलीय,
त्याचा अर्धा कापला.

शेवटचा पेपर जुलेखा तडवीचा.
खिडकीकडचा मागचा बाक.
बाप कापणीच्या टोळीत, डोक्यावरून घड वाहतो;
पालकसभेला आला होता तेव्हा
सदऱ्यावर चिकाचे काळे डाग,
धुवून धुवून उरलेले.

जुलेखा लिहिते:
‘मॅडम, जेठात वारा आला तवा
आम्ही पत्र्यावर दगड ठेवत होतो.
सकाळी बाग पाहिली तर सगळी एका अंगावर झोपलेली.
निसवलेली झाडं आधी पडली.
ज्यांना अजून काहीच लागलं नव्हतं
ती उभी होती.
वारा केळीत आला का आमच्याकडे कोनी हसत नही.
म्हनून तो मानूस घरी आला
ते चांगलं झालं नही.’

खाली एक ओळ सोडून:
‘कवी कोनत्या गावचा होता?’

मी पुस्तक उघडलं.
परिचयात तीन संग्रह, दोन पुरस्कार.
गाव नाही.
मग कविता वाचली, शिकवायची नसल्यासारखी,
आणि पुढच्याच ओळीपाशी थांबले:
‘आईने दिवा पदराआड धरला.’

दरवर्षी फळ्यावर लिहीत आले,
पदराआड म्हणजे संकोच, लाज, संसाराचं सुख.
खडू झटकून पुढच्या कडव्याकडे वळत आले.
सोळा वर्षांत कुणीच विचारलं नाही, मीही नाही,
की गार झुळकेपासून
दिवा कशाला लपवायचा.

ट्रक गेला. अंगणात
चाकाखाली आलेली एक फणी तेवढी राहिली.

दोन गुण दिले.
कमी वाटले, पण प्रश्नालाच दोन होते.
बाकीच्या एकेचाळीस जणांचे कापायचे
तर आधी माझे कापावे लागतील.
तिच्या प्रश्नाखाली लिहिलं:
माहीत नाही. शोधते.

वाचता वाचता सवयीनं
दोन्ही ‘नही’खाली लाल रेघ ओढली होती.
ती खोडायला गेले,
तर कागद फाटायला लागला.