ऑपरेटर जागेवर नव्हती

परीट यायचा पितृपक्षात.
गच्चीवरच्या टाकीच्या काठावर
दोन टिचक्या मारल्यासारखा आवाज: चिट्, चिट्.
मी कणकेच्या हातांनीच वर धावायची
आणि टेलिफोन खात्याच्या जुन्या रजिस्टरात
तारीख टाकायची.
बावीस सप्टेंबर. एकोणीस. एकवीस, ढगाळ.
मग सलग तीन वर्षं: नाही आला. नाही आला.
नाही आला, आणि खाली रेघ,
कोणावर तरी रागावल्यासारखी.

दोष द्यायला होतंच काय काय.
धार रोडवरचे नवे दिवे,
सिरपूरच्या पाण्यावरची जलपर्णी,
शेजारच्या कानूनगोंचा बोअर.
मी नगर निगमला पत्रसुद्धा लिहिलं:
पक्षी अब नहीं आते, कृपया ध्यान दें.

उन्हाळ्यात तांबट होता तसाच,
बर्तन बाजारातून उठवलेला कारागीर जणू,
पिंपळात बसून दिवसभर एकच पातेलं ठोकत.
तलावाच्या तडकलेल्या तळावर
टिटवी माझ्यावर ओरडली, अंड्यांपासून दहा पावलांवर.
ज्येष्ठात पावशा, रात्री दोनला.
मला सांगत होता पेरते व्हा
आणि भिंतीपलीकडे मिश्राजींना पी कहाँ.
एक्स्चेंजमध्ये आम्ही याला
क्रॉस कनेक्शन म्हणायचो.

एकतीस वर्षं हेडफोन, डाव्या कानाला.
खंडवा, बोला. बऱ्हाणपूर लाइनवर आहे.
मयताच्या बातम्या, मुलगा झाल्याच्या, कापसाचे भाव,
सगळं या कानातून गेलं
आणि जाताना त्याला थोडं थोडं घासून गेलं.

एम. वाय.मधल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी आलेख काढला.
रेघ बरीच सरळ चालली,
मग मांडूच्या कड्यावरून पडावी तशी पडली.
बारीक आवाज़ें चली गई हैं, आंटी.
मिक्सर सुनाई देगा, सीटी नहीं.
मी विचारलं, परीट?
तिला परीट माहीत नव्हता.

म्हणजे तो आला होता.
टाकीवर बसून, शेपटी वरखाली करत
टिचक्या मारत होता,
आणि मी खाली, कणकेत हात घालून,
त्याची गैरहजेरी लावत होते.
शिंजीर, चष्मेवाला, बाभळीतला तो पिटुकला वटवट्या,
किती जणांना मी
नगर निगमच्या फायलीत मारून ठेवलं.

खोडलं नाही काही.
तिन्ही ठिकाणी समोर पेन्सिलीने लिहिलं:
ऑपरेटर जागेवर नव्हती.

आता रविवारी सिरपूरला
करामत चौकीदाराचा नातू येतो सोबत.
फैजान, वय नऊ, पुढचे दोन दात पडलेले,
खिशात शेव.
बारीक काही वाजलं की
माझ्या मनगटावर बोट आपटतो:
एकदा, दोनदा, मग भराभर.
मी मान वळवते.
कधी दिसतो, कधी नुसती हललेली काडी.
दिखा? तो विचारतो.
कधी कधी मी हो म्हणते, न दिसताच,
मग तो माझ्याकडे बघत राहतो
आणि पुन्हा आपटतो, जरा जोरात.

चक्रवाक मला अजून ऐकू येतात,
पार पलीकडच्या काठावरून,
कोणीतरी ओल्या कर्ण्यात फुंकावं तसे.
मी फैजानला सांगते, ऐक.
तो शेव खात असतो.
त्यांच्याकडे तो लक्षच देत नाही.