धरायला काठी

सासरे बांबूच्या कामट्या विणतात,
आतून शेणमाती लिंपतात, सुगंधी गवताची धुरी देतात,
आणि ते लांबोडकं घर दोराने ओढून
वान्झाच्या उंच फांदीवर बांधून येतात.

आत काहीच नसतं.
मधमाश्यांना निरोप धाडता येत नाही.
दार उघडं ठेवायचं, एवढंच आपल्या हाती.
"येतील?" मी विचारते.
"आल्या तर येतील," म्हणतात अब्बा मुलात
आणि दुसऱ्या घराच्या कामट्या तासायला घेतात.

गेटनेटला जाऊन चौदा महिने झाले.
बोसासोच्या बंदरातून एक फोन आला होता :
उद्या होडी आहे, वूबालेम, पोरीला सांग...
पुढे नुसती खरखर.
त्या 'सांग'च्या नंतर काय होतं
ते मी पोरीला रोज वेगळं सांगते.
कधी, की बाबा निळा फ्रॉक आणणार आहे.
कधी, की भांडी घासताना गाणं म्हण.
एकदा काही सुचलंच नाही,
तर तिनेच मला सांगितलं.

सगळे म्हणतात, धीर धर.
धरू, पण कुठे धरू?
घागरीला कान असतो, कोयत्याला मूठ.
ह्याला काय आहे?

मोठ्या उपासाचे पंचावन्न दिवस.
दूध नाही, लोणी नाही,
ऊन कलेपर्यंत पाण्याचा थेंब नाही.
आमच्या गोल चर्चमध्ये बाकं नसतात.
रात्रभर उभं राहायचं, गार दगडावर, अनवाणी,
ढोल जितका सावकाश, तितकंच सावकाश डोलत.
मध्यरात्र उलटली आणि माझे गुडघे लटपटले.
तेव्हा मी देवाला बोलले,
मोठ्याने नाही, दातांवर दात दाबून :
तुला म्हणे समुद्र दुभंगता येतो.
एक फोन लावता येत नाही?

काही झालं नाही.
मेणबत्ती विझली नाही, वीज पडली नाही.
फक्त म्हाताऱ्या अवगिचेवने
स्वतःची आडव्या मुठीची काठी
माझ्या काखेत सरकवली.
"ही श्रद्धाबिद्धा नाही, मुली. लाकूड आहे.
पण पहाटेपर्यंत पुरतं."

मुठीवर खळगा पडला होता,
कुणाकुणाच्या हनुवट्या टेकून टेकून.
माझ्याआधी किती माणसं इथे दमली होती,
आणि कुणी निघून गेलं नव्हतं.
किंवा गेलं असेल, आणि परत आलं असेल.
मी हनुवटी त्या खळग्यात ठेवली.
बसली.

पाऊस सरला, माळ पिवळ्या फुलांनी भरला,
नवं वर्ष लागलं, आणि एका दुपारी
आभाळातून गुणगुणता काळा ढग आला.
आमच्या झाडाला वळसा घालून
तेवाबेचच्या झाडावर उतरला.
मला रडूच फुटलं.
वर्षभराची धुरी, वर्षभराचं लिंपण,
आणि मध तिच्या घरात!
अब्बा मुलात मात्र हसले, दात नसलेलं हसले :
"गावात आल्या ना? मग वाट त्यांना ठाऊक झाली."

ह्या माणसाचाही मुलगा आहे तो, हे मी विसरलेच होते.

आता त्यांचे गुडघे चढू देत नाहीत.
एकोणीस महिने झालेत.
संध्याकाळी कॉफीच्या तिन्ही वाढी मी करते,
तिसरी, पातळ, आशीर्वादाची, तीसुद्धा.
त्याचा पेला मांडते, भरते,
थंड झाला की पोर गटकन पिते आणि तोंड वाकडं करते.

काल मीच चढले झाडावर, पदर खोचून,
काठी खाली खोडाला टेकून ठेवली.
घराला कान लावला.
आत नुसता वारा.
दाराशी कोळ्याने जाळं विणलं होतं.
तेवढं बोटाने काढलं
आणि उतरले.