दाब आणि ताप

माझी जागा डावीकडची.
बेल्ट आवळलेला, मांडीवर वही, नजर तीन डायलांवर.
रस्ता ग्विलिम बघतो.

चाळीस वर्षं मी अबरफ्राऊच्या आसपासच्या घरांतून
दाब आणि ताप मोजत फिरले.
म्हाताऱ्यांच्या दंडाला पट्टा, पोरांच्या काखेत पारा.
निवृत्त झाले त्या वर्षी ग्विलिम पारी दारात आला,
म्हणाला, नेरिस, एक पेशंट आहे. गॅरेजात ॲडमिट.

गाडी खोक्यांतून आलेली, तुकड्यातुकड्यांनी.
जोडायला त्याला तीन हिवाळे लागले
आणि माझे बरेच थर्मास.
इंजिन मात्र मोटरसायकलचं,
रेक्समला कुठेतरी पडलेल्या.
चालवणाऱ्याचं काय झालं ते विकणारा बोलला नाही.
मी विचारलं होतं.

आता हे जरा नीट ऐका.
मोटरसायकल वळणावर कलते.
स्वार कलतो, त्याच्यासोबत इंजिनही कलतं,
आणि पोटातलं तेल जागच्या जागी स्वस्थ,
कडेवर झोपलेल्या पोरासारखं.
गाडी कलत नाही.
गाडी ताठ. वळण लांबलं की तेल एका भिंतीवर चढतं
आणि पंपाचं तोंड नुसती हवा ओढतं.
मिनिटाला दहा हजार फेऱ्या, आणि घशाला कोरड.
इथे तेल गेलं की तूप जायला वेळ लागत नाही,
हाती धुपाटणंसुद्धा राहत नाही.

म्हणून मी.
काचेवर मी नेलपॉलिशने लाल रेघा मारल्या आहेत:
तेलाचा ताप एकशे वीसच्या वर नको,
पाण्याचा शंभरच्या,
दाब तीनच्या खाली आला तर गुडघ्यावर दोन थापा.
बोलून उपयोग नाही. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही,
डाव्यात इंजिन.

समुद्र आहे म्हणतात तिथे, पूर्ण ट्रॅकच्या कडेने.
असेल.
मला वाऱ्यात मिठाची चव लागते फक्त.
पहिली चक्कर: ताप चौऱ्याऐंशी. दाब साडेचार.
दुसरी: पंच्याण्णव. चार पॉइंट दोन.
आडवंतिडवं अक्षर, पण लिहिते.
तिसरीत ते उजवं वळण आलं,
संपतच नाही असं वाटणारं,
आणि काटा
पडला.

हळूहळू नाही. माणसं जातात तसा,
वाक्याच्या मधेच.
मी थापा मारल्या. दोन, मग किती कोण जाणे.
त्याने पाय काढला, चावी फिरवली,
आम्ही गवतावर घरंगळत जाऊन थांबलो.

गरम धातू आक्रसताना टिकटिकतो.
बराच वेळ तेवढंच.
मग तो म्हणाला, गेलं का?
चाळीस वर्षांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला,
बहुतेकदा उंबरठ्यात उभं राहून.
मी म्हटलं, दीड सेकंद. शून्यावर होता दीड सेकंद.
दीड खूप असतो?
कुणासाठी, म्हटलं.

रात्री गॅरेजात त्याने फिल्टर कापला,
डबा उघडावा तसा,
आणि आतला कागद घडीघडीने दिव्याखाली उलगडला.
काळं तेल बोटांना, टेबलाला, माझ्या चष्म्याला.
काही चमकलं तर वाईट. बेअरिंगचा चुरा असतो तो.
आम्ही एकेक घडी पिळून बघितली,
लग्नातल्या साडीची जर तपासावी तशी, उलट्या आशेने.

अकराव्या घडीत काहीतरी लुकलुकलं.
मी बोट लावलं, दिवा जरा हलवला,
ते तिथे नव्हतं.
पुन्हा दिवा जागेवर आणला.

ग्विलिम काही बोलला नाही.
मी वहीत लिहिलं: अकरावी घडी, एक कण, बहुधा.
मग बहुधा खोडलं.
मग परत लिहिलं.