उशिराची वही

दारामागच्या खिळ्याला एक वही टांगली आहे,
दोरीला बांधलेलं पेन, टोपण हरवलेलं.
सहानंतरच्या दर मिनिटाला एक डॉलर.
हे मी ठरवलेलं नाही. मी फक्त लिहिते.

आज शेवटचा राहिलाय कोल्बी.
अडीच वर्षांचा. कोट घालून बाकावर बसलाय,
एक हातमोजा हातात, दुसरा कुठे ते देव जाणे.
ईरी सरोवरावरून दुपारपासून बर्फ येतंय.
रस्त्यावरचा प्रत्येक हेडलाइट त्याची आईच असते,
पुढे निघून जाईपर्यंत.

आई म्हणजे ब्रिएन. प्लास्टिकच्या कारखान्यात
डब्यांची झाकणं खोक्यांत भरते.
नाव घालायला आली तेव्हा माझ्याच टेबलावर
गॅसच्या बिलामागे तिने हिशेब मांडला होता.
वर पगार, खाली आमची फी,
मधे आडवी रेघ.
रेघेखाली दोनशे बारा.
"म्हणजे महिनाभर राबायचं ते एवढ्यासाठी," म्हणाली.
मग म्हणाली, "आणि विम्यासाठी."
मग बऱ्याच वेळाने,
"आणि एकदा सोडली तर परत कोण घेतंय."
मी ॲलर्जीच्या रकान्यात 'अंडी' लिहिलं.

एवढा पैसा जातो कुठे, सगळेच विचारतात.
मीही विचारते, दर दुसऱ्या शुक्रवारी, पगाराची चिठ्ठी उघडून.
भाडं आहे, विमा आहे, चार तान्ह्यांमागे एक बाई हा नियम आहे,
आणि ती बाई मिळत नाही.
रोशेल होती. मार्चपासून ती गोदामात खोकी उचलते.
खोकी रडत नाहीत, म्हणाली,
आणि तासाला चार डॉलर जास्त.
देणारीला जड जाते, घेणारीला हलकी लागते,
अशी ही फी. वाटेत कुठे झिजते कळत नाही.

सहा वाजून चार.

माझी टॅलिया इथे नसते.
इथे मला सवलत आहे,
पण सवलतीनंतरचा आकडाही माझा निम्मा पगार गिळतो.
ती असते पीच स्ट्रीटपलीकडे, मिस वर्नाच्या तळघरात.
मिस वर्नाकडे वही नाही. तोंड आहे.
साडेसहाला ती कोट चढवून दारात उभी राहते,
कारण सातला तिची रात्रपाळी, वृद्धाश्रमात,
आणि तिथे दिवसपाळीची कुणी एक
तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तिचंही कुठेतरी लेकरू असणार.

शाळेत वजाबाकी शिकवायचे.
वरचा आकडा पुरला नाही
की शेजारच्या घरातून उसना घ्यायचा.
आणि शेजारी शून्य असेल तर?
तर त्याच्या शेजाऱ्याकडे.
बाईंचा खडू फळ्यावर सरकत जायचा,
शून्य, शून्य, पुन्हा शून्य,
पण शेवटी एक आकडा भेटायचाच,
ज्याच्याकडे द्यायला काही असे.
आम्ही अजून त्या घरापर्यंत पोचलेलो नाही.

सहा अकरा.
ब्रिएन येते, बुटांना बर्फ, मुठीत एकेकाच्या नोटा,
गाडीतच मोजून ठेवलेल्या.
"मशीन अडकलं," म्हणते, मी विचारलेलं नसताना.
कोल्बी तिच्या गुडघ्यांत शिरतो.
ती खिशातून एक मोठं निळं झाकण काढते,
तो ते डोक्यावर ठेवतो आणि राजा होतो.

भिंतीवरचं घड्याळ मालकीणबाईंनी
तीन मिनिटं पुढे लावलेलं आहे.
ब्रिएनला हे माहीत नाही. मला आहे.
मी वहीत लिहिते, सहा आठ.
तीन नोटा परत करते. ती घड्याळाकडे बघते,
माझ्याकडे बघते, काही बोलत नाही,
नोटा मात्र पटकन खिशात घालते.

दिवे. कुलूप. काचेवरचं बर्फ मी बाहीनेच पुसते.
गाडीतलं घड्याळ उन्हाळ्यापासून बदलायचं राहिलंय,
तासभर पुढे धावतं.
त्याच्या हिशेबाने मिस वर्ना केव्हाच निघून गेली,
आणि टॅलिया पायरीवर बसली आहे, कोट घालून,
हेडलाइट मोजत.