काळी वायर

पिकअप सत्त्याण्णव सालची.
पत्र्याला बोट लावलं तर पलीकडे निघतं.
जुलेखा सोलकर म्हणाली, मिस्त्री, मागे ट्रॉली जोडायची आहे,
बर्फाची पेटी आहे तिच्यावर, तिला करंट पायजे,
आणि शनिवारी रात्री मला अणुस्कुरा चढायचाय.
त्या दिवशी गुरुवार होता.

डॅशखालची टेप सोडवायला घेतली.
आधी काळी टेप, मग निळी,
मग कुणीतरी गुंडाळलेला साडीचा काठ.
सोडवू तसे जुने मालक निघत गेले.
ही पिवळी देवगडच्या आंबेवाल्याची, कॅसेटसाठी.
ही लाल, जिला पुढे तोंडच नाही,
गणपतीत माळ लावायला ओढली असणार कुणी
आणि विसर्जनानंतर तशीच राहिली.
टँकरवाल्याचा भोंगा गेला, बटण आहे.
दाबलं मी. सवयीने.
काही वाजलं नाही,
तरी जेटीवरचं कुत्रं उठून बसलं.

आणि मीठ.
नाटे बंदरावर तांब्याला वर्षभरात हिरवी मिशी फुटते.
वायर कापली तर आत काळी,
अजून वीतभर कापली, तरी काळी.
खरवडत गेलो चमक लागेपर्यंत.

मग जाड केबल, बॅटरीपासून मागच्या हुकापर्यंत,
चेसिसच्या कडेने, सायलेन्सरपासून हातभर लांब.
मध्ये फ्यूज. मध्ये रिले.
जुलेखा म्हणाली, ही डबी कशाला, बिल वाढवायला?
म्हटलं, बाय, इंजिन बंद झालं की ही डबी हात सोडवते.
नाहीतर पेटी रात्रभर गाडीची बॅटरी पीत बसेल
आणि पहाटे दोघी मेलेल्या सापडतील.
ती हसली नाही.
म्हणाली, माझ्या दिराला बसवता येते का अशी एक?

संध्याकाळी सात पिनांचं सॉकेट जोडलं.
डावा सिग्नल दिला, दोन्ही मिणमिणले.
ब्रेक दाबला, तर नंबरप्लेटचा दिवा लागला.
पेटीचा पंखा एक गिरकी घेऊन विचारात पडला.
मीटर लावला. पुढे साडेतेरा, मागे नऊ.
तिचा मुबीन, नववीतला, ट्रॉलीखाली घुसून म्हणाला,
मिस्त्री, वायर तुटलीय कुठेतरी.

वायर तुटली नव्हती.
करंट जात होता. परत येत नव्हता.

जाणाऱ्या वायरीला सगळे जपतात,
लाल, जाड, फ्यूजसकट.
येणारी काळी कुठल्याही बोल्टला गुंडाळतात,
रंगावर, गंजावर, हुकाच्या ग्रीसवर,
लोखंड आहे ना, आणेल घरी.
जुलेखाचा नवरा सहा वर्षं दोह्याला आहे.
मी बोलून गेलो, मग बोल्टकडेच बघत राहिलो.
ती म्हणाली, हं. समजलं. पुढे बोला.

मुबीनने विचारलं, ह्या काळीला काय म्हणतात?
अर्थ.
म्हणजे पुस्तकात विचारतात तो?
तोच असेल, म्हटलं, पण आमच्याकडे
तो पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो.
पोराने घासला. रंग गेला, गंज गेला,
खाली नाण्याएवढं पांढरं लोखंड उघडं पडलं.
तिथून नवी काळी वायर, लालच्याच जाडीची,
थेट बॅटरीच्या पायापर्यंत.

डावा दिला, डावा लागला.
पंखा असा सुटला की पेटीत राहिलेली
दोन सुकी खवलं उडून मुबीनच्या केसांत बसली.

बिल लिहिलं. तिने प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं.
लाल दहा मीटर, काळी अकरा.
ही एक मीटर जास्त कशी?

म्हटलं, येताना वळसा पडतो.

तिने नोटा मोजल्या. त्यातली एक ओली होती,
ती तिने बदलून दिली.