डावा बूट

मोहरील मास्तर फक्त चेहरे रंगवत.
बाकीचा माणूस माझ्याकडे असे:
कोट, टेबलावरचं जाड पुस्तक,
मागचा लाल पडदा, खुर्ची, बूट.

खुर्ची एकच होती.
म्हणजे नव्हतीच कुठे,
मास्तरांनी कधीतरी मनात घडवलेली, सिंहाच्या पंजांची.
तिच्यावर मी बसवले
दोन मालगुजार, एक सिव्हिल सर्जन,
मुलींच्या शाळेच्या हेडबाई,
आणि जिनिंगवाले एक सेठ, ज्यांच्यासाठी
पंजांना सोनेरी नखं वाढवावी लागली.

मग गोळीबार चौकातून आले डोमाजी हेडाऊ,
विणकर सोसायटीचे पहिले अध्यक्ष.
कमिटीचा ठराव: तैलचित्र, साडेतीन फूट बाय पाच,
कोटासह.
कोट धंतोलीतल्या कुणा वकिलाचा, खांद्यात सैल.
"भरून घे," मास्तर म्हणाले. मी खांदे भरले.
पुस्तकावर हात ठेवा म्हटलं
तर डोमाजींनी आधी तो धोतराला पुसला.

"पाय हलवू नका, अध्यक्ष."
"नाई हालवत जी."
आणि डावा पाय खाली, वर. खाली, वर.
उसन्या बुटाच्या आत
चाळीस वर्षांची पावडी.
"मले ठाऊकच नाई पडत," ते ओशाळून म्हणाले,
"हात रिकामे असले का तो आपलाच चालते."

मास्तरांनी चेहरा केला तो अध्यक्षांचा.
भुवई जराशी वर, ओठ मिटलेले,
नजर दूरवर लागलेली.
(दूरवर म्हणजे माझ्या मागच्या खिळ्यावरचं कॅलेंडर.)

बूट माझा.
टाच जमिनीला टेकलेली हवी, असा आमचा नियम.
मी ती बोटभर उचलली
आणि खाली सावलीची फट ठेवली,
जवसाच्या तेलात थोडा काळा, किंचित निळा.
मास्तरांना दिसली असणार. बोलले नाहीत.
डोमाजी चित्र खालून पाहायला लागले
ते गुडघ्याच्या वर गेलेच नाहीत.

परवा एफडी मोडायला गेलो होतो.
सोसायटीत आता माग नाही, काउंटर आहे.
चित्र एसीच्या शेजारी, नवी फ्रेम, प्लॅस्टिकचा हार,
आणि गुडघ्यांपासून खाली लोखंडी कपाट.
"काय रुबाब होता न काका यांचा," कॅशियर पोरगी म्हणाली.
होता, म्हटलं.
कोट खरंच चांगला जमला होता.

कपाट जरा सरकवता येईल का,
विचारणार होतो.
फायलींनी गच्च भरलेलं दिसलं.
तेवढ्यात माझा नंबर पुकारला.