तेरावं पान

गुरुवारी औषधं घेऊन परत येताना
मी तिसऱ्या मजल्यावर थांबते.
माझं घर पाचव्यावर;
गुडघ्यांना मधे एक फर्नांद लागते.

दार नुसतं लोटलेलं.
"पुदिना आणलास ना, तासादित?"
ती खिडकीकडे तोंड करून विचारते,
जिथं मी नसते.

मार्सेयमध्ये मिस्त्राल सुटला
की झडपा रात्रंदिवस भांडतात.
अशा वेळी मांडलेल्या प्रत्येक पानावर
ती एक चमचा ठेवते.

आणि पानं तरी कसली!
अठ्ठ्याहत्तरांतली सत्त्याहत्तर उरलीत.
बंदरावर ती पैसे घेऊन भविष्य सांगायची तेव्हा
तारा एका खलाशाच्या ओल्या कोटाला चिकटून गेली.
तिच्या जागी साखरेच्या खोक्याचा तुकडा,
त्यावर बॉलपेनानं काढलेली पाच टोकं.
कधी पिसताना पुदिन्याचंही एखादं पान निघतं.
त्याचा अर्थ ती सांगत नाही,
पेल्यात टाकते.

तिला आता दिसत नाही.
मला वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं.
तीस वर्षं इस्पितळाच्या फरश्या पुसल्या,
दारांवरच्या पाट्या रंगांवरून ओळखल्या.
म्हणून आमचं असं चालतं:
ती पिसते, मी उचलते,
मी सांगते काय दिसतंय,
ती सांगते कोण आहे.

"एक बाई. सिंहाचा जबडा धरलाय."
"उघडतेय की मिटतेय?"
मी चष्मा पुसते. खरंच कळत नाही.
"मुलीचा फोन नाही ना आला तुझ्या?"
हे पानावर कुठं आहे, मी विचारत नाही.

"एकजण चाललाय. खांद्यावर गाठोडं,
मागून कुत्रं विजार फाडतंय."
"वेडा. त्याला नाव आहे, आकडा नाही.
मोजणीत येतच नाही तो."
"म्हणजे माझा भाऊ," मी म्हणते,
आणि दोघी ठसका लागेपर्यंत हसतो.

पहिला पेला मी किटलीत परत ओतते.
मग उंचावरून धार.
फेस तिला आवाजावरून कळतो:
"हं. आता बरोबर."

या गुरुवारी हाडांचा माणूस निघाला.
हातात विळा, पायाखाली काळी माती,
मातीतून उगवल्यासारखे पंजे, पावलं,
मुकुटासकट एक डोकं.
"कुणीतरी गवत कापतोय," मी म्हटलं.
ती थांबली.
"खाली काही लिहिलंय?"
"नाही. वर आहे, खाली कोरं."
"तेरावं," ती म्हणाली.
"त्याला आकडा आहे, नाव नाही."

बंदरावर हे निघालं की ती गिऱ्हाइकाला सांगायची,
बदल हो बाई, नुसता बदल,
जुनं जातं, नवं येतं,
आणि नोटा मोजून घ्यायची.
मला तिनं काही सांगितलं नाही.
पेला चाचपडत माझ्याकडे सरकवला.

तेव्हा आम्ही पत्र्याच्या वस्तीत राहत होतो, मी म्हटलं.
हिवाळा. दाराशी चिखल गोठलेला.
मुलगी. सहा दिवसांची.
आमच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात.
इस्पितळाच्या कागदावर तिचा आकडा होता.

"किती?"

पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता.
चारशे बारा, मी म्हटलं,
चटकन, जसा फोन नंबर सांगावा.
फर्नांदनं तो एकदा पुटपुटून पाहिला.
मग म्हणाली, "चहा गार झाला. पुन्हा ठेव."

मी ठेवला. साखर जास्त पडली.
तेवढ्यात झडप आपटली,
एक चमचा खणखणत खाली गेला
आणि पान उडून कपाटाखाली.
"कुठलं गं?"
"साखरेचं," मी म्हटलं.

साखरेचं तिच्या अंगठ्याखालीच होतं.
खडबडीत कडेवरून तो फिरत राहिला.
"असू दे तिथंच," ती म्हणाली.
"पुढच्या गुरुवारी काढू."